नोकरी सोडून लहान उद्योगांसाठी पूर्णवेळ छायाचित्रण : पुण्यात हिशेब बसतो का?

खडकवासलेकर

गेली बारा वर्षे मी चिंचवडमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी करतो आणि त्यातली शेवटची सहा वर्षे सुट्टीच्या दिवशी लहान व्यावसायिकांसाठी छायाचित्रे काढतो. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांप्रमाणे आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी शहरातली दुकाने, दवाखाने आणि बेकऱ्या सुरू असतात, त्यामुळे रविवारी कधीच मिळाली नसती अशी कामे मला मिळत गेली.

मागच्या आर्थिक वर्षात मी ४१ दिवस शूट केले आणि त्यातून ३ लाख १० हजार रुपये जमा झाले. कोथरूडमध्ये घरातून साड्या विकणाऱ्या एक बाई, सहकारनगरमधली एक बेकरी, एक दंतवैद्य, दोन उपाहारगृहे आणि भोसरीतली दोन वर्कशॉप हे माझे नेहमीचे ग्राहक आहेत (त्यांपैकी एक वर्कशॉप आमच्याच कंपनीला माल पुरवते, त्यामुळे ओळख आधीपासूनच होती). लग्नाची कामे मी घेत नाही, कारण ती गर्दी आणि ती धावपळ माझ्या स्वभावाला मानवत नाही. सामान म्हणाल तर एक फुल-फ्रेम कॅमेरा, एक २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स, अगदी जवळून टिपण्यासाठी एक १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, दोन स्टुडिओ फ्लॅश आणि स्टँड इतके आहे.

हातात येणारा पगार ६२ हजार आहे. घराचा हप्ता २३ हजार असून तो अजून नऊ वर्षे चालेल. पत्नी शाळेत शिकवते, मुलगी चौथीत आहे. आता वय ३६ झाले असून येत्या वर्षभरात नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामात उतरावे असे फार वाटते. आठवड्याला एकच दिवस काम करून तीन लाख मिळत असतील तर पाच दिवस केल्यावर पंधरा लाख मिळतील, हे गणित चुकीचे आहे एवढे मला कळते. परंतु ते नेमके कुठे आणि किती चुकते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

एक वेगळी तक्रारही आहे. एका दुकानासाठी मी इन्स्टाग्रामकरिता म्हणून साठ छायाचित्रे काढून दिली होती. दोन महिन्यांनी त्यांतलेच एक छायाचित्र मला एका चौकात वीस फुटी फलकावर दिसले. विचारल्यावर मालक म्हणाले, "पैसे मोजले आहेत, फोटो आमचे आहेत." त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे का?

---

भोसरी_टी_ब्लॉक

मी २०११ पासून कारखान्यांची छायाचित्रे काढून घर चालवतो, म्हणून आधी तुमच्या गणिताबद्दल लिहितो.

पूर्णवेळ झाल्यावर महिन्याचे पंचवीस दिवस शूट होत नाही. माझ्या वहीप्रमाणे चांगल्या वर्षात महिन्याला आठ ते दहा दिवस कॅमेरा हातात असतो. बाकीचे दिवस छायाचित्रे निवडण्यात, त्यांचे संस्करण करण्यात, कोटेशन पाठवण्यात, जागा पाहून येण्यात आणि (हे कोणी आधी सांगत नाही) दिलेल्या बिलाचे पैसे मागण्यात जातात. म्हणजे वर्षाला विकण्यासारखे दिवस साधारण १०० धरावेत. आता उलट्या बाजूने मोजा. घरासाठी महिना ६० हजार लागत असतील तर वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. पाच लाखांचे सामान पाच वर्षांत जुने होते असे धरले तर त्याच्या बदलासाठी दरवर्षी १ लाख बाजूला पडले पाहिजेत. पेट्रोल, मदतनीस, भाड्याने आणलेली लेन्स, संगणकाची सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क आणि सामानाचा विमा मिळून २ लाख सहज जातात. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमाही सुटतो, त्यामुळे कुटुंबाचा विमा स्वतः घ्यावा लागेल, त्याचे ४० हजार धरा. भविष्यनिर्वाह निधीत कंपनी जे भरत होती तेही आता तुम्हीच भरायचे आहे, ते ९० हजार धरा. बेरीज साडेअकरा लाख होते. ती १०० दिवसांवर वाटली की करापूर्वी दिवसाला साडेअकरा हजार रुपये मिळायला हवेत. तुमच्या आजच्या आकड्यांप्रमाणे तुम्ही दिवसाला साडेसात हजारांच्या आसपास आहात. पगार पाठीशी असल्यामुळे हा दर तुम्हाला परवडतो. नोकरी सोडल्यानंतर त्याच ग्राहकांना तोच दर देत राहिलात तर दर दिवशी चार हजार रुपये स्वतःच्या खिशातून घालाल.

आता दुसरी बाजू. तुमच्या प्रश्नात एक मोठे भांडवल आहे आणि तुम्ही ते ओझरते सांगून पुढे गेलात. गुणवत्ता विभागात बारा वर्षे काढलेला माणूस कारखान्यात कॅमेरा घेऊन शिरला की त्याला जे दिसते ते बाकीच्या छायाचित्रकारांना दिसत नाही. पूर्वी माझ्याकडे एक हुशार मुलगा मदतीला होता. त्याने एका यंत्राचे फार देखणे छायाचित्र काढले होते, प्रकाश सुरेख होता, चौकट नेटकी होती, आणि पाठीमागे नापास मालाने शिगोशीग भरलेला लाल क्रेट होता. ते छायाचित्र कंपनीच्या माहितीपुस्तिकेत जाऊन परदेशी खरेदीदाराच्या टेबलावर पोचले असते तर काय अर्थ निघाला असता, हे तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही. तसेच माल ठेवायच्या बिनांवर (डब्यांवर) लावलेली मोठ्या वाहन कंपन्यांची नावे, भिंतीवर टांगलेले ड्रॉइंग, फळ्यावर लिहिलेला रोजच्या रिजेक्शनचा आकडा, या गोष्टी चौकटीबाहेर ठेवाव्या लागतात हे तुमच्या हाडात मुरलेले असणार.

लहान वर्कशॉपला छायाचित्रे लागतात ती संकेतस्थळासाठी, कंपनीच्या परिचयपत्रासाठी आणि चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये किंवा मोशीच्या प्रदर्शन केंद्रात स्टॉल घेतला तर तिथल्या मोठ्या फलकांसाठी. मालकाला आपला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, असा दिसायला हवा असतो की पाहणाऱ्या इंजिनिअरने पृष्ठभागावर नजर ठेवावी आणि समाधानाने मान हलवावी. पॉलिश केलेला दंडगोल समोर ठेवला की तो सगळी खोली स्वतःत दाखवतो, कॅमेऱ्यासकट आणि तुमच्या शर्टासकट. त्यासाठी लांबट सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) किंवा मोठा पांढरा पडदा एका बाजूने आणि कडा उठून दिसण्यासाठी काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूने, एवढी साधी मांडणी पुरते, पण ती बसवायला पहिल्या जॉबला तासभर जातो. भाग गंजू नये म्हणून तेलात बुडवलेले असतात, ते पुसून घ्यावे लागते, हातमोजे घालूनच उचलावे लागतात आणि काम झाल्यावर पुन्हा तेल लावून परत द्यावे लागतात. हे शेवटचे विसरलात तर बोटांचे ठसे काही दिवसांत गंजाच्या रूपाने दिसतात आणि पुढचे काम दुसऱ्याला जाते.

गुरुवारच्या सुट्टीचा तोटाही ध्यानात घ्या. वर्कशॉपची कामे तुम्ही सुट्टीच्या दिवशी केली असतील तर बंद यंत्रे आणि रिकामा शॉप फ्लोअर एवढेच तुमच्या संग्रहात असेल. चालू सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या, काचेआड कूलंटचा (थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) फवारा उडत असताना, माणसे कामात असताना आणि कोणाचेही काम न थांबवता छायाचित्र काढणे हे वेगळे कौशल्य आहे. कारखान्यातले दिवे वीजप्रवाहाबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. चित्रात पट्टे नको असतील तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचा, हेदेखील चालू कारखान्यातच अंगवळणी पडते.

उधारीबद्दल थोडे लिहितो, कारण माझी पहिली तीन वर्षे त्यातच गेली. लहान उद्योगांसाठी असलेली सरकारी उद्यम नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना संरक्षण देणाऱ्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत तुमचे पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. प्रत्यक्षात व्याज मागणारा छायाचित्रकार मी अजून पाहिलेला नाही. परंतु १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे अशी थकवलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि हे त्याच्या हिशेबनिसाला पक्के ठाऊक असते. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापायला लागल्यापासून माझी मार्चमधली वसुली बरीच सोपी झाली आहे. तरीही निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय गाडीत सामान चढवू नका.

ड्रोनची मागणी होईल, पण ते लगेच घेऊ नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता व्यावसायिक उड्डाणासाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते, आणि लोहगावला हवाई दलाचा तळ असल्यामुळे आपल्याकडे कुठे उडवता येईल हे प्रत्येक वेळी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावे लागते. गरज पडली तर परवानाधारक माणूस त्या दिवसापुरता बोलवावा.

---

निळा_पडदा

वरच्या प्रतिसादातला दिवसाच्या दराचा हिशेब कारखान्यांना लागू पडतो, दुकानांना मात्र तो जसाच्या तसा लावू नये असे मला वाटते. मी नऊ वर्षे साड्या, दागिने आणि खाद्यपदार्थ यांची कामे करते आणि माझे बहुतेक ग्राहक पेठांमधले आहेत. तिथे "दिवसाचे बारा हजार" म्हटले की चहा येतो, पण काम येत नाही. त्याच मालकाला "दर महिन्याला दोनदा येईन, दोन-दोन तास थांबेन, नवा आलेला माल टिपून देईन, महिन्याचे इतके" असे सांगितले की तो मान्य करतो, कारण तो दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, विजेचे बिल असा सगळाच खर्च महिन्याच्या मापाने मोजतो. असे सात ग्राहक माझ्याकडे आहेत आणि माझे घर त्यांच्यावर चालते. बाकीची सुटी कामे वरखर्चाला पुरतात.

पुण्यातली दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात यावर बाहेरच्यांनी पुष्कळ विनोद केले आहेत. माझ्या दृष्टीने ती देवाने दिलेली वेळ आहे. गिऱ्हाईक नाही, पंखे बंद करता येतात, गादीवर साड्यांचा ढीग मांडता येतो आणि मालक जेवायला घरी गेल्यामुळे मागे उभे राहून सूचनाही करत नाहीत.

साडीच्या कामात सगळा जीव रंगात असतो. ऑनलाइन घेतलेली साडी परत येते तेव्हा "फोटोत वेगळी दिसत होती" हेच कारण पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि परत आलेल्या प्रत्येक साडीच्या कुरिअरचा भुर्दंड मालकाला सोसावा लागतो. दुकानातल्या पिवळसर दिव्यांत अंजिरी रंग तपकिरी होतो आणि राणी रंग भडक लाल. म्हणून दुकानाचे दिवे सरळ बंद करायचे, स्वतःचे ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) असलेले दिवे लावायचे, पहिल्या चौकटीत रंग जुळवण्यासाठी करडे कार्ड धरायचे आणि शेवटी मालकासमोर साडी ठेवून त्यांच्याच फोनवर छायाचित्र दाखवायचे, कारण त्यांचे गिऱ्हाईक फोनवरच पाहणार असते. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. तिचे एक छायाचित्र नेहमीच खोटे ठरते, म्हणून मी घडी दोन कोनांत वळवून दोन छायाचित्रे देते आणि त्यांचे पैसेही दोनचेच लावते. हे समजावून सांगितल्यावर आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

हंगामाचा अंदाज लग्नाच्या छायाचित्रकारांकडून घेऊ नका. पितृपक्षात खरेदी थंडावलेली असते आणि नवरात्र-दिवाळीचा माल मात्र कपाटात येऊन पडलेला असतो, त्यामुळे माझे वर्षातले सर्वांत धावपळीचे पंधरा दिवस तेच असतात. पाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या आधी सराफांकडे अशीच घाई असते. कोरडा काळ जून अखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा. त्या दिवसांत पैसे कमी आणि हवा दमट, म्हणून लेन्सना बुरशी लागू नये यासाठी आर्द्रता नियंत्रित करणारे कपाट पहिल्याच वर्षी घ्या. माझी एक मॅक्रो लेन्स पहिल्या पावसाळ्यात गेली, तिची दुरुस्ती त्या कपाटाच्या किमतीपेक्षा महाग पडली.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर नगावारी काढायच्या कामावर मात्र संसार उभा करू नका. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे तिन्ही रंगांचा आकडा २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला, असे ठरलेले नियम आहेत. जे काम इतके नियमात बसते ते फोन आणि नवी सॉफ्टवेअर झपाट्याने उरकू लागली आहेत. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे या कामाचे चार ग्राहक होते, आज एक उरला आहे.

---

कलम_सतरा

फलकाच्या तक्रारीचे उत्तर कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो. मी वकिली करतो, परंतु हा सर्वसाधारण खुलासा समजावा.

छायाचित्रकार हाच छायाचित्राचा पहिला मालक, हा समज अर्धाच खरा आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ मध्ये असा अपवाद आहे की एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर उलट करार नसल्यास ते काढवून घेणाराच प्रताधिकाराचा पहिला मालक ठरतो. तुमच्यात लेखी असे काही ठरलेच नसेल तर दुकानमालकांचे म्हणणे, ऐकायला कितीही बोचरे वाटले तरी, बहुधा बरोबर आहे. कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतो, पण त्याच्या बळावर फलकाचे पैसे मिळणार नाहीत.

उपाय सोपा आहे आणि तो शूटच्या आधीच करायचा असतो. कोटेशनमध्येच प्रताधिकार छायाचित्रकाराकडे राहील असे लिहा, ग्राहकाला कोणत्या कामांसाठी (समाजमाध्यमे, संकेतस्थळ, वेष्टन, फलक) आणि किती काळ वापराची परवानगी आहे हे नमूद करा आणि ग्राहकाची सही घेऊनच आगाऊ रक्कम स्वीकारा. कालावधी स्पष्ट लिहायला विसरू नका. कलम १९ प्रमाणे प्रताधिकाराच्या हस्तांतरात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. निर्यात करणाऱ्या वर्कशॉपला हे दुसरे वाक्य महत्त्वाचे वाटेल. दंतवैद्यांकडे रुग्णाचा चेहरा दिसणारे छायाचित्र काढत असाल तर त्या रुग्णाची लेखी संमतीही हवी.

नोंदणीचे थोडक्यात सांगतो. एकट्याने किंवा एक-दोन मदतनिसांसह काम करत असाल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी झाल्यावर छायाचित्रणावर १८ टक्के कर लावावा लागतो, आणि लहान दुकानदाराला त्याची वजावट मिळत नसेल तर तो तुमचा दर तेवढाच वाढला असे समजतो.

शेवटी एक नाजूक मुद्दा. तुमच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या वर्कशॉपकडून तुम्ही छायाचित्रांचे पैसे घेता, असे तुम्ही कंसात लिहिले आहे. तुम्ही गुणवत्ता विभागात आहात. त्या वर्कशॉपचा माल तुमच्या सहीने पास होतो का?

---

धायरीची_चटणी

मी छायाचित्रकार नाही, गिऱ्हाईक आहे. धायरीत आमचे मसाल्यांचे आणि चटण्यांचे लहान युनिट आहे, म्हणून आमच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

पहिल्यांदा छायाचित्रकार शोधला तेव्हा तीन जण भेटायला आले होते. दोघांनी सूर्यास्त, राजस्थानातले म्हातारे आणि लग्नातल्या नवऱ्या दाखवल्या. तिसरीने संग्रह उघडलाच नाही. तिने आधी आमचे पॅकिंग पाहिले, सर्वांत जास्त काय खपते हे विचारले, आणि शेंगदाण्याच्या चटणीचे उत्तर ऐकून म्हणाली की तेल सुटलेले दिसले पाहिजे, नाहीतर ती कोरडी भुकटी वाटेल. काम तिलाच दिले आणि आज सहा वर्षे तीच येते.

मागच्या वर्षी आम्ही लेबल बदलले आणि पाकिटाचे वजन २०० ग्रॅमवरून १८० केले. ऑनलाइन विक्रीच्या पानावर जुनेच छायाचित्र राहिले आहे, हे आमच्या कोणाच्या लक्षात आले नव्हते, तिनेच फोन करून सांगितले. एका गिऱ्हाइकाने वजनावरून तक्रार केली असती तर केवढ्याला पडले असते! तिचा दर बाजारापेक्षा थोडा चढा आहे. आम्ही घासाघीस करत नाही.

---

परत_नोकरीत

सगळे कसे जमते हे सांगत आहेत, तर न जमलेल्याचेही ऐका. २०१७ साली बँकेची नोकरी सोडून मी या व्यवसायात उतरलो आणि दोन वर्षे चार महिन्यांनी पुन्हा नोकरी धरली. छायाचित्रे वाईट नव्हती. माझ्या एकूण उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग एकाच फर्निचर विक्रेत्याकडून येत होता. त्यांच्या चिरंजिवांनी कारभार हाती घेतला, एका जाहिरात संस्थेशी वार्षिक करार केला आणि मला तो करार झाल्यावर कळले. तो जून महिना होता. पुढचे तीन महिने मी दारोदार फिरलो, घासाघिशीत दर निम्म्यावर आणला, आणि एकदा निम्म्यावर आणलेला दर पुन्हा वर नेता येत नाही हे सप्टेंबरात समजले. घरखर्चाचे तीनच महिन्यांचे पैसे साठवले होते. सहा महिन्यांचे असते तर कदाचित तो दर मी उतरवला नसता. आजही महिन्यातून दोन रविवार काम करतो आणि मजेत आहे.

---

खडकवासलेकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्नीबरोबर बसून वर दिलेल्या पद्धतीने हिशेब पुन्हा मांडला. आमचा घरखर्च ६० ऐवजी ५४ हजार निघाला, पण सामानाची घसारा रक्कम मी आजवर कधी धरलीच नव्हती, त्यामुळे दिवसाचा दर पावणेअकरा हजारांच्या खाली येत नाही. ४१ दिवसांत संस्करणाला दिलेल्या रात्री मोजल्या तर ते ४१ दिवस खरे नव्हतेच, हे पत्नीने लक्षात आणून दिले. तिचे म्हणणे असे पडले की नोकरी सोडण्याची तारीख ठरवण्याऐवजी दर महिन्याला ठरावीक रक्कम देणारे चार ग्राहक आधी ठरवावेत.

कलम_सतरा यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला संकोच वाटतो. त्या वर्कशॉपचा माल माझ्या थेट सहीने पास होत नाही, परंतु ज्याच्या सहीने होतो तो माझ्या हाताखाली काम करतो. त्यांचे काम मी दोनदा केले, रीतसर बिल देऊन केले आणि त्यात काही गैर आहे असे त्या वेळी मनात आले नाही. आता प्रश्न वाचल्यापासून ते मनातून जात नाही. कंपनीला कळवावे का, की पुढचे काम नुसते नाकारावे?

---

कलम_सतरा

दोन्ही करा, आणि आधी कळवा. बहुतेक कंपन्यांच्या नियुक्तिपत्रात बाहेरच्या कामाबद्दल आणि पुरवठादारांशी असलेल्या आर्थिक संबंधांबद्दल अटी असतात, त्या काढून वाचा. स्वतःहून लेखी सांगितलेली गोष्ट आणि दुसऱ्याने शोधून काढलेली गोष्ट यांत चौकशीच्या वेळी फार अंतर पडते. दोन्ही बिलांच्या प्रती सोबत जोडा.

---

भोसरी_टी_ब्लॉक

ते कंस माझ्या नजरेतून सुटले, ही चूक माझी. वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य करून एवढेच जोडतो की उद्या तुम्हाला याच पट्ट्यात काम मागत फिरायचे आहे. इथले सगळे मालक एकमेकांना ओळखतात आणि खरेदी आणि गुणवत्ता विभागांतल्या माणसांबद्दल तर जरा जास्तच बोलतात. नोकरी सोडलीत तरी पहिले वर्षभर तुमच्या कंपनीच्या पुरवठादारांकडे जाऊ नका. भोसरीपासून चाकणपर्यंत इतर वर्कशॉपची कमतरता नाही.

पुढच्या पंधरवड्यात माझे दोन दिवसांचे काम आहे, चालू शॉप फ्लोअरवर, सोमवारी आणि मंगळवारी. तुमच्या कंपनीचा त्यांच्याशी संबंध नाही, याची खात्री करून घेईन. मदतनीस सुट्टीवर आहे. रजा मिळत असेल तर या, कॅमेरा आणू नका, दिवे धरायला लागतील. सेफ्टी शूज तुमच्याकडे असतीलच. जेवण कँटीनमध्ये मिळेल, आणि तिथली उसळ बरी असते.